आवरलेला फुलपट्टा

ट्राउगोट क्युलिंगच्या शेतातला फुलपट्टा गावाला पहिल्या वर्षी आवडला आणि दुसऱ्या वर्षी चालून गेला. तिसऱ्या वर्षापासून त्याबद्दल कुणीही ट्राउगोटच्या तोंडावर काही बोललं नाही. आमच्या ओबरहॅलिंगेनमध्ये तोंडावर न बोलणं हा नापसंतीचा सगळ्यात कडक प्रकार आहे. त्याच्यापुढे एकच पायरी उरते, ती म्हणजे नमस्कार करताना जरा जास्त प्रेमानं करणं.

हे गाव आवरलेलं आहे. शनिवारी दुपारी इथे प्रत्येक जण आपल्या घरापुढचा रस्ता झाडतो. ज्याच्या दारात काहीही पडलेलं नसतं तोही झाडतो, कारण झाडलेलं कुणाच्या लक्षात येत नाही, न झाडलेलं मात्र दोन गल्ल्या पलीकडून दिसतं. लाकडाच्या ढलप्या भिंतीला लावून अशा रचतात की त्या जाळायला जीव होऊ नये. द्राक्षाच्या ओळी टेकडीवर कंगव्यानं विंचरल्यासारख्या. ट्राउगोटचा बाप बटाट्याच्या सऱ्या दोरी लावून पाडायचा, आणि कुणाची सरी वाकडी दिसली तर रविवारी चर्चमधून परतताना त्या शेताच्या कडेला नुसता उभा राहायचा. बोलायचा नाही. पुढच्या वर्षी तिथली सरी सरळ असायची.

अशा बापाचा हा मुलगा. त्यानंही चाळीसएक वर्षं सरळच सऱ्या पाडल्या. गहू, साखरबीट, थोडी द्राक्षं, सफरचंदाची दहा-बारा जुनी झाडं. लग्न राहून गेलं. त्याचं का राहिलं याच्या गावात तीन कथा आहेत. त्याच्या बहिणीचं का राहिलं याची एकच आहे: मागणी घालायला आलेल्याला एर्नानं आधी पायपुसणं दाखवलं. दोघं बापाच्या घरात राहिली. एर्ना त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि हे ती त्याला विसरू देत नसे. सकाळी कॉफी, संध्याकाळी भाजलेले बटाटे नि चीज, रविवारी वेणीसारखा गुंफलेला पाव. आयुष्यात दोघांचं भांडण असं झालं नाही. भांडायला आधी बोलावं लागतं.

फुलपट्टा त्यानं फुलांच्या प्रेमापोटी पेरला नव्हता. टेकडीच्या पायथ्याशी त्याचा एक लांबट तुकडा होता, निव्वळ गोटे. तिथे बीट लावलं की गाजर निघायचं. अशा जागी रानफुलं पेरली तर सरकार भरपाई देतं हे त्याला कळलं, त्यानं बियाण्याची पिशवी आणली, वाळूत मिसळून हातानं फेकली आणि घरी येऊन जेवला.

पहिल्या उन्हाळ्यात तो तुकडा लाल आणि निळा झाला. लाल खसखशीची फुलं, आणि पूर्वी गव्हात आपोआप उगवायची ती निळी, जी आमच्या आज्यांनी उपटून उपटून संपवली होती. जवळच्या शाफहाउझेन शहरातून लोक सायकली घेऊन यायला लागले. शेजारचा हाइरी वेकरलिन, ज्याचं शेत ट्राउगोटच्या बांधाला लागून आहे, त्यानं आपल्या लेकीच्या लग्नाचे फोटो तिथेच काढले. हाइरी हा चांगला माणूस आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे कुणाला शंका येऊ शकेल.

"अरे, जत्रा भरवलीस की तू," हाइरी म्हणाला होता. "तिकीट लाव."

"लावतो. तुझ्यापासून सुरुवात."

दुसऱ्या वर्षी लाल-निळं गेलं, पांढऱ्या पाकळ्यांची पिवळ्या डोळ्याची फुलं आली, जांभळी आली. तेही बरं दिसायचं. तिसऱ्या वर्षी काही छातीएवढी, काही डोक्याहून उंच अशी झाडं वर आली, फुलली, आणि वाळून जागच्या जागी उभी राहिली. पूर्वी ज्यांच्या काटेरी बोंडांनी लोकर पिंजायचे ती झाडं. राजमेणबत्ती म्हणतात ती लोकरी पानांची, पिवळ्या फुलांची काठी. मध्ये मध्ये काटेरी झुडपं, ज्यांची म्हातारी उडून थेट हाइरीच्या गव्हात जायची. ऑक्टोबरपासून मेपर्यंत तो सगळा पट्टा तपकिरी, मोडका, केस न विंचरलेला असा रस्त्यावरून दिसायचा. रस्ता चर्चकडे जाणारा.

"आपलं शेत आहे की बंद पडलेलं रेल्वे स्टेशन?" एर्नानं विचारलं.

"असंच असतं ते."

"पुढच्या वर्षी तरी नीट दिसेल?"

"नाही."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. चर्चला जाताना मात्र ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायला लागली.

खरी गोष्ट अशी की गावानं तोंड फिरवलं तेव्हाच तिथे कामाचे पाहुणे यायला लागले होते. पहिल्या वर्षीच्या लाल-निळ्या गर्दीत आलेल्या होत्या त्या बहुतेक गावातल्या नोल्डीच्या पेट्यांतल्या मधमाश्या, आणि नोल्डीच्या मधमाश्या गावातल्या पाहुण्यांसारख्या, कुठेही जेवण असलं की हजर. पुढे फुलं कमी होत गेली, गवत आत शिरलं, आणि येणारे किडे निवडक झाले. कुणाला एकाच जातीचं फूल चालतं, कुणाला वाळकी पोकळ काडी लागते, कुणाला उघडी माती. ट्राउगोटला यातलं काही कळत नव्हतं. त्याला हे सांगितलं सेराइना काफ्लिशनं.

ही सरकारकडून दर उन्हाळ्यात दोनदा यायची. डोंगराळ ग्राउब्युंडेनची, किड्यांची डॉक्टर, हातात जाळी, गळ्यात भिंग, खिशात बाटल्या. पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इतकी सावकाश चालायची की रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टर थांबवून विचारायचे, काही हरवलंय का. ती आपल्या कामात पक्की होती आणि गोड बोलत नसे, म्हणून ट्राउगोटला ती बरी वाटायची. सात वर्षांत दोघांमध्ये जेवढं बोलणं झालं ते एका दुपारीही होऊ शकलं असतं.

सातव्या उन्हाळ्यात तिनं त्याला हाक मारली. "अहो क्युलिंग. इकडे या. सावली पाडू नका."

मागच्या वर्षीची राजमेणबत्तीची एक काठी, वरून मोडलेली. मोडलेल्या टोकात मधमाशीच्या कुळातली एक काळसर माशी डोकं खुपसून बसली होती आणि मधूनमधून मागे सरून भुसा बाहेर टाकत होती.

"काय करतेय?"

"घर पोखरतेय. आतला मऊ गाभा काढते, एकावर एक खोल्या करते, प्रत्येक खोलीत परागाचा गोळा आणि एक अंडं." ती गुडघ्यांवर बसली होती, आणि आवाज नेहमीपेक्षा खाली गेला होता. "ही या खोऱ्यातून गेली असं आम्ही धरून चाललो होतो."

"मग परत कशी आली?"

"तुम्ही सात वर्षं इथे काही केलं नाही म्हणून."

कौतुक म्हणून हे वाक्य ट्राउगोटला आयुष्यात पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं. त्यानं टोपी काढून परत घातली.

मग तिनं समजावून सांगितलं. या माशीला मागच्या वर्षी वाळलेली काठी यंदा उभी लागते, आणि आतली पिल्लं हिवाळाभर तिथेच झोपतात म्हणून ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उभी राहावी लागते. काही पिल्लं तर दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत झोपून राहतात. जवळपास तीन वर्षं कुणीही न आवरलेली जागा. आमच्या गावात तीन वर्षं न आवरलेलं काय आहे असा विचार केला तर कबरस्तान आठवतं, पण तेही आवरलेलं असतं, थडग्यांवर बेगोनिया लावून.

"पुढचं वर्ष या पट्ट्याचं शेवटचं," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली की नियमानं नांगरायचा. पण पुढच्या जूनमध्ये ही पिल्लं बाहेर आली आणि मला दिसली, तर मी मुदत वाढवून घेईन. मिळेल. या माशीसाठी मिळेल."

"आणि नाही दिसली तर?"

"तर तो एक म्हातारा पट्टा. अर्धं गवत झालंय, तुम्हीच बघा. त्यासाठी कुणी सही करणार नाही." ती उठली, गुडघे झटकले. "काठ्या उभ्या राहू द्या. हिवाळ्यात एकही तोडू नका. बाकी तुम्ही काही करायचं नाही."

"ते जमतंय मला."

त्या उन्हाळ्यात ट्राउगोट संध्याकाळी सफरचंदाचं खोकं उलटं घालून पट्ट्यापाशी बसायला लागला. त्यानं शाफहाउझेनमधून एक भिंग आणलं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, बापाच्या वळणाचा, काटेरी झुडपांत बसून काठी बघतोय. लोकांनी नमस्कार जास्त प्रेमानं करायला सुरुवात केली.

"जेवायला ये," एर्ना बांधावरून म्हणायची. "तुझी ती काही पळून जात नाही."

"पळत नाही. तिला सवड नाही."

जेवताना त्यानं तिला सांगितलं. काठ्यांत अंडी आहेत. डॉक्टरबाई म्हणतात पट्टा राहू शकेल.

"म्हणजे हिवाळाभर ते तसंच दिसणार."

"हो."

"आणि पुढच्याही."

"तशी आशा आहे."

"बटाटे घे," एर्ना म्हणाली.

गावात त्यानं एकदाच सांगितलं, खानावळीत, नोल्डीला. नोल्डी मधमाश्या पाळतो, तेव्हा त्याला तरी समजेल असं वाटलं असावं.

"माशी आलीय माझ्याकडे," ट्राउगोट म्हणाला. "दुर्मिळ."

"माझ्याकडे एका पेटीत चाळीस हजार आहेत," नोल्डी म्हणाला. "तुझ्याकडे किती?"

"सहा दिसल्या."

नोल्डीनं ग्लास खाली ठेवला. "सहा. मध किती देतात?"

"देत नाहीत."

"चावतात तरी?"

"नाही बहुतेक."

"मग त्या करतात काय?"

ट्राउगोटनं बराच विचार केला. "राहतात," तो म्हणाला. टेबलावर सगळे हसले, तोही हसला, आणि हाइरीनं सगळ्यांसाठी लाल वाइन मागवली, त्या सहा जणींच्या नावानं. काठ्यांचं सांगायचं राहिलंच. सांगितलं असतं तरी ते काठ्या तोडू नका अशी सूचना दिल्यासारखं झालं असतं, आणि शेजाऱ्याला आपल्या शेताबद्दल सूचना देणं म्हणजे तो कधी तरी तिथे पाय ठेवेल असं सुचवणं. तसं इथे कुणी करत नाही.

ऑक्टोबरात ट्राउगोट अक्रोड पाडताना शिडीवरून पडला. खुबा मोडला. शाफहाउझेनच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया, मग चालायला शिकवतात त्या ठिकाणी डिसेंबरपर्यंत मुक्काम.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यामुळेच घडलं. शेतकरी आजारी पडला की शेजारी त्याचं काम करतात. त्याला विचारत नाहीत. विचारलं तर त्याला "हो, करा" म्हणावं लागेल, म्हणजे मागावं लागेल, आणि माणसाला मागायला लावणं हा अपमान. घरच्यांनीही हे करा, ते नको, असं म्हणायचं नसतं. न बोलावता आलेल्याला कामं वाटून देणार का? घरच्यांनी फक्त कॉफी आणायची, आणि माणूस बरा झाला की सगळ्यांना एकदा पोटभर जेवायला घालायचं. ही पद्धत फार चांगली आहे. तिच्यामुळे आमच्या गावात आजवर एकही बीट जमिनीत कुजलेलं नाही.

हाइरी, नोल्डी आणि आणखी दोघं-तिघं आले. साखरबीट काढलं. हिवाळी गहू पेरला. सफरचंदं गोळा करून रस काढायला नेली. नोव्हेंबरातल्या एका सकाळी शेवटचं थोडं काम उरलं होतं, फळझाडांखालचं गवत. हाइरीनं त्यासाठी ट्रॅक्टरला मल्चर लावून आणला होता. एर्ना थर्मास आणि कप घेऊन बांधावर आली.

"दुपारपर्यंत आटपतं, एर्ना," हाइरी म्हणाला. "मग खालचा तुकडाही घेऊन टाकतो. यंत्र लावलेलंच आहे."

एर्ना कॉफी ओतत होती. "तुम्ही आधीच किती तरी केलंय."

"त्यात काय मोठं. त्याचा पाय असा, उद्या घरी आला की त्या काट्यांत शिरणार आहे का तो? बघून बरं वाटेल त्याला."

नोल्डी म्हणाला, "त्या पट्ट्यांचा काही तरी नियम असतो म्हणे. एका वर्षी अर्धाच कापायचा. अर्धा ठेवायचा."

"अर्धा?" हाइरीनं कप दोन्ही हातांत धरला. "आणि लोक काय म्हणतील? क्युलिंगकडे मदतीला गेले आणि अर्ध्यावर सोडून घरी आले. मी नाही बाबा अर्धं सोडत."

"तेही खरंच."

"साखर हवीय का कुणाला?" एर्नानं विचारलं.

एर्ना गप्प का राहिली याबद्दल गावात नंतर दोन मतं झाली. एक, की पद्धत म्हणून. दुसरं, की सात वर्षं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालली म्हणून. तिला विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं. पण असं विचारायचीही पद्धत नाही.

मल्चर काठ्या कापत नाही, भुगा करतो. तासाभरात काम झालं. नोल्डीनं कडेचं राहिलेलं दाताळ्यानं ओढून घेतलं, भुगा सगळीकडे सारखा पसरवला. हाइरीनं चारी कोपरे दुसऱ्यांदा घेतले. त्या रविवारी चर्चहून परतताना लोक तिथे थांबले आणि बोलले, मोकळेपणानं, तोंडावर. किती छान दिसतंय, म्हणाले. एर्ना रस्त्याच्या शेताकडच्या बाजूनं घरी गेली.

पुढच्या आठवड्यात हाइरी ट्राउगोटला भेटायला गेला. सोबत द्राक्षं आणि सॉसेजचा डबा.

"सगळं झालंय," तो म्हणाला. "तू नुसता पाय सांभाळ."

"बीट?"

"गेलं कारखान्यात."

"गहू?"

"वर आलाय. बोटाएवढा."

"फार केलंत रे तुम्ही."

"आणि एक तुला सांगितलेलं नाही." हाइरी खुर्ची पुढे ओढून बसला, खिशातून फोन काढला आणि डोळे बारीक करत फोटो शोधला. "हे बघ."

ट्राउगोटनं फोन हातात घेतला. फोटोत काळपट हिरवी सपाट जमीन होती, कडा सुतासारख्या सरळ, मागे चर्चचं टोक. बराच वेळ तो बघत राहिला.

"ओळखू येतं का?" हाइरीनं विचारलं. "अरे, गालिचा झालाय. तुझ्या बापानंसुद्धा मान डोलावली असती."

"त्यानं डोलावली असती," ट्राउगोट म्हणाला.

"काय झालं? डोळ्यांत पाणी?"

"खुबा."

"नर्सला बोलावू?"

"नको. जाईल." त्यानं फोन परत दिला. "सगळा केलात?"

"म्हणजे काय. सगळा."

"स्वच्छ झालाय," ट्राउगोट म्हणाला, आणि हाइरी खूश होऊन घरी गेला. त्यानं ते गावभर सांगितलं: डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आता बोला.

जानेवारीत डुक्कर कापलं आणि ट्राउगोटनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. रक्ताची सॉसेजं, काळजाची सॉसेजं, आंबवलेला कोबी, सफरचंदाचा गर. तो कुबडीवर उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणे एकेका कामाचं नाव घेऊन आभार मानत गेला. बिटाबद्दल. गव्हाबद्दल. सफरचंदांबद्दल. "आणि खालच्या तुकड्याबद्दल," तो म्हणाला. तिथे आवाजात काही फरक पडला असं कुणीही सांगितलं नाही, आणि आम्ही बारीक ऐकणारी माणसं आहोत.

"त्या तुझ्या सहा जणी कशा आहेत?" नोल्डीनं टेबलाच्या टोकावरून विचारलं. त्यात कुचकेपणा नव्हता. नोल्डीला त्या आठवत होत्या, इतकंच.

"झोपल्यात," ट्राउगोट म्हणाला.

एर्ना आणखी कोबी आणायला स्वयंपाकघरात गेली. कोबी टेबलावर भरपूर होता.

जूनमध्ये सेराइना काफ्लिश आली. गाडी लावून रस्त्यावरूनच तिनं पट्ट्याकडे पाहिलं आणि जाळी गाडीतून बाहेर काढली नाही. ट्राउगोट काठी टेकत खाली आला तोपर्यंत ती गुडघ्यांवर बसून भुग्याचा थर बोटांनी उचकटून बघत होती. त्या थराखालून गवत दाट वर आलं होतं. पिवळी शेंगफुलं, ज्यांवर ती माशी जगते, कडेला चार-पाच जागी उरली होती.

"कुणी केलं हे?"

"मदत झाली."

"कुणाला?"

"मला. मी दवाखान्यात होतो."

भुग्यातून तिनं काठीचा एक अंगठ्याएवढा तुकडा काढला, चिरून पाहिला. आत काही नव्हतं.

"तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं?"

"ते मदत करत होते, डॉक्टरबाई."

तिनं वर पाहिलं. ती डोंगरातल्या गावातून आलेली, वीस घरांच्या. "हो," ती म्हणाली. "आमच्याकडेही असंच असतं."

तरी तिनं काम पुरं केलं. जाळी आणली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालली. जुलैत परत येऊन परत चालली. ट्राउगोट दोन्ही वेळा खोक्यावर बसून होता. नोल्डीच्या मधमाश्या आल्या होत्या, थोड्या.

"कुठून दुसरी येऊ शकते?" त्यानं विचारलं.

"माझ्या माहितीतली सगळ्यात जवळची जागा रेतीच्या खाणीपलीकडे आहे. एवढं लांब ती उडत नाही." बाटल्या रिकाम्याच होत्या, त्या तिनं खिशातून काढून पेटीत ठेवल्या. "नवा पट्टा पेरता येईल. दुसऱ्या तुकड्यात. नियमात बसतं."

"आणि ती यायला?"

"काठ्या उभ्या राहायला तीन-चार वर्षं. मग ती कुठून तरी यायला हवी. ही यायला सात लागली होती, आणि ती तरी कशी आली ते मला ठाऊक नाही."

"मी तेव्हा ब्याऐंशीचा."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. हात मिळवून ती गेली. मुदत वाढवायचा प्रश्नच उरला नव्हता.

मुदत फेब्रुवारीत संपली. ट्राउगोटला ट्रॅक्टरवर चढता येत नव्हतं. तो हाइरीकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं शेजाऱ्याकडे काही मागितलं.

"खालचा तुकडा नांगरून देशील का?"

हाइरीला इतकं बरं वाटलं की त्यानं दुपारचं जेवण पुढे ढकललं. गोट्यांवर फाळ खणखणत होते. ट्राउगोट बांधावर उभा होता, एर्ना शेजारी.

"खरं सांगू का," काम झाल्यावर हाइरी खाली उतरून म्हणाला, "गावाला तो तुकडा कधीच आवडला नव्हता. पण तुझ्या तोंडावर कोण बोलणार."

"कळत होतं."

"मग इतकी वर्षं का ठेवलास?"

"तिथे माशी होती," ट्राउगोट म्हणाला. "काठ्यांत. हिवाळ्यात त्या आत असतात."

हाइरीनं नांगराकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग एर्नाकडे. एर्ना हातमोज्याचं बटण लावत होती. "सांगायचंस," हाइरी शेवटी म्हणाला. "एका शब्दानं सांगायचंस, अरे. आम्हाला काय माहीत."

"हो," ट्राउगोट म्हणाला. "तुम्हाला काय माहीत."

मार्चमध्ये त्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. हाइरी, नोल्डी आणि बाकीचे मिळून बागेच्या दुकानातून आणलेली एक भेट घेऊन आले, कागदात गुंडाळलेली, दोघांनी उचललेली. कागद सोडला तर आत लाकडाचं किड्यांचं हॉटेल होतं. लाल रंगाचं छप्पर, मधल्या मजल्यावर बदामाच्या आकाराची खिडकी, एका खणात पाइनची बोंडं, एकात पेंढा, एकात वेळूच्या नळ्या, खाली भोकं पाडलेला ओंडका, आणि दारावर पाटी: सुस्वागतम्. पाइनच्या बोंडांत कुणी राहत नाही आणि उभ्या वाळक्या काठीशिवाय घर न करणारी माशी अशा हॉटेलात उतरत नाही, हे ट्राउगोट त्यांना सांगू शकला असता.

"सुंदर आहे," तो म्हणाला.

"सगळ्यात मोठं घेतलं," नोल्डी म्हणाला. "सहा जणींना पुरे होईल."

हाइरीनं सोबत पाणसळ आणली होती. हॉटेल गोठ्याच्या दाराशेजारी भिंतीवर टांगलं, पाणसळ लावून, दोनदा बुडबुडा मध्यात आहे ना बघून. हाइरीनं जरा मागे सरून पाहिलं, मग परत येऊन अर्ध्या बोटानं डावीकडे सरकवलं. त्या दिवशी तो फार कमी बोलला. एर्नानं सफरचंदाची दारू घातलेली कॉफी दिली, सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले.

खालच्या तुकड्यात त्या वर्षी बीट पेरलं.

ईस्टरच्या आधीच्या साफसफाईत एर्ना बादली आणि ब्रश घेऊन गोठ्याच्या भिंतीपाशी उभी होती.

"ट्राउगोट."

"काय."

"या एका भोकात कुणी तरी चिखल कोंबलाय." ती थांबली. "काढू का?"

तो काठी टेकत आला, खिशातून भिंग काढलं, वाकून पाहिलं. ओंडक्याच्या खालच्या ओळीतलं एक भोक वाळलेल्या मातीनं नीट लिंपलं होतं.

"तीच आहे का?" एर्नानं विचारलं.

"नाही. ही वेगळी. ही कुठेही होते. खिडकीच्या चौकटीत होते, बागेच्या नळीत होते."

"मग काढू?"

"राहू दे."

तो भिंग पुसत घरात गेला. एर्नानं छप्पर पुसलं, बदामाची खिडकी पुसली, पाटी पुसली, आणि तेवढं एक भोक सोडून बाकीची सगळी एक-एक करून साफ केली.